माशांच्या पेशी होत्या, मग मासे का मरत राहिले? एका चाचणीची एकोणसाठ वर्षं

माशाच्या शरीराबाहेर, बाटलीत कायम वाढत राहणारी माशाची पहिली सेल लाइन १९६२ साली जाहीर झाली. एखादं रसायन माशांना किती घातक आहे हे जिवंत माशाऐवजी अशा सेल लाइनवर तपासायची पहिली ओईसीडी मार्गदर्शिका आली जून २०२१ मध्ये. मधली वर्षं एकोणसाठ. एखादा माणूस नोकरीला लागून, निवृत्त होऊन, वर वीस वर्षं पेन्शन घेईल एवढा हा काळ.

थिसिसच्या पहिल्या प्रकरणात मात्र हा सगळा इतिहास एका ओळीत उरकलेला असतो: ‘सेल लाइन हा प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय आहे.’ वाक्य खोटं नाही, पण त्यातला ‘आहे’ फार स्वस्तात आलेला असतो. पेशी १९६२ पासून होत्या, पर्याय नव्हता. सेल लाइन तयार करणं हे एक काम आहे आणि त्या सेल लाइनवरून विश्वासानं आकडा काढता येईल अशी चाचणी उभी करणं हे दुसरं. दुसऱ्या कामाला किती वेळ लागतो आणि तो कशात जातो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. नेट-पेट झालेली आहे, पीएचडीसाठी विषय शोधताय आणि ‘पर्यायी पद्धती’ हा शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येणार आहे, अशांनी तरी हा इतिहास वाचून ठेवावा.

आधी मूळ चाचणी काय आहे ते बघू. ओईसीडीची मार्गदर्शिका क्रमांक २०३, पहिल्यांदा १९८१ साली आली. पाण्यात रसायनाची किमान पाच वेगवेगळी प्रमाणं घ्यायची, प्रत्येक प्रमाणात किमान सात मासे सोडायचे, शिवाय रसायन न घातलेल्या पाण्यात सात. म्हणजे कमीत कमी बेचाळीस मासे. मग ९६ तास थांबायचं आणि २४, ४८, ७२, ९६ तासांनी किती मेले ते मोजायचं. ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात त्याला एलसी५० म्हणतात. एक रसायन, एक आकडा, निदान बेचाळीस मासे. हे एका रसायनाच्या एका चाचणीचं झालं. युरोपच्या रीच कायद्यानुसार वर्षाला दहा टनांहून जास्त बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या रसायनासाठी माशांवरच्या तीव्र विषारीपणाची माहिती द्यावी लागते. आता गुणाकार तुम्हीच करा.

‘निम्मे मरेपर्यंत’ ही कल्पना मुळात माशांसाठी नव्हतीच. १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञानं एलडी५० मांडलं ते औषधांची ताकद प्रमाणित करण्यासाठी. डिजिटॅलिससारख्या औषधाचा प्रत्येक घाणा थोडा कमी-जास्त असायचा, तो मोजायला काहीतरी ठाम माप हवं होतं. सगळे प्राणी मारणारा डोस किंवा एकही न मारणारा डोस ही मापं डळमळीत असतात, मधलं माप सगळ्यात स्थिर येतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं कल्पना पक्की होती आणि म्हणूनच ती इतकी टिकली. पुढे हीच मोजपट्टी कारखान्यातून नदीत जाणाऱ्या रसायनांना लावली गेली आणि उंदरांच्या जागी मासे आले.

आता पेशींकडे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात लीटाउन इथे माशांच्या रोगांवर काम करणारी एक सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे केन वुल्फ आणि एम. सी. क्विम्बी यांनी रेनबो ट्राउटच्या जननग्रंथींपासून आरटीजी-२ ही सेल लाइन बनवली आणि १९६२ साली ‘सायन्स’मध्ये छापली. माणसाची हेला सेल लाइन १९५१ ची, म्हणजे मासे फार मागे नव्हते. पण वुल्फना विषारीपणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना विषाणू हवे होते. ट्राउटच्या हॅचरींमध्ये लहान पिल्लं एका रोगानं मोठ्या संख्येनं मरत होती आणि वुल्फच्या गटानं १९६० साली तो रोग विषाणूमुळे होतो हे दाखवून दिलं होतं. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. सस्तन प्राण्यांच्या पेशी ३७ अंशांवर वाढतात, तर माशांचे विषाणू थंड पाण्यातले. म्हणून माशाच्याच, कमी तापमानाला वाढणाऱ्या पेशी हव्या होत्या. माशांच्या बहुतेक सुरुवातीच्या सेल लाइन अशाच हॅचरीच्या अर्थकारणातून जन्मल्या. भूतदयेचा त्यात भाग नव्हता.

गंमत म्हणजे भूतदयेची भाषा त्याच काळात दुसरीकडे लिहिली जात होती. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांचं प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयीचं पुस्तक १९५९ चं. आज नैतिकता समितीच्या प्रत्येक फॉर्ममध्ये जे ‘तीन आर’ लिहावे लागतात, म्हणजे प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ते तिथून आले. तेव्हा १९६२ ला विचारही होता आणि पेशीही होत्या, पण दोघांची गाठ पडली नव्हती.

ती घालून देण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९६८ चा. रॅकलिन आणि पर्लमटर यांनी पाण्यातल्या विषारी पदार्थांच्या अभ्यासासाठी माशांच्या पेशी वापरता येतील असा पेपर लिहिला. त्यांनी घेतलेलं विष म्हणजे साधं जस्त. पुढे १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन बोरेनफ्रॉइंड यांनी न्यूट्रल रेड या लाल रंगावर आधारलेली चाचणी बसवली. जिवंत पेशी हा रंग लायसोसोममध्ये साठवतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. रंग किती उरला ते मोजलं की किती पेशी जिवंत आहेत ते कळतं. बोरेनफ्रॉइंड आणि हार्वे बाबिच यांनी ही पद्धत ब्लूगिल नावाच्या माशाच्या पेशींवर चालवून धातू आणि सेंद्रिय रसायनांची रांगच तपासली. स्वस्त, झटपट, एका प्लेटमध्ये अनेक प्रमाणं. तेव्हाच मासे सुटायला हवे होते.

पण इथे घोडं अडलं. पेशींवरचे आकडे आणि माशांवरचे आकडे आलेखावर मांडले की ठिपके सुरेख एका रेषेत पडायचे. जे रसायन माशांना जास्त विषारी, ते पेशींनाही जास्त विषारी, क्रम बरोबर. फक्त ती रेष भलतीकडेच असायची. माशांना मारायला जेवढं रसायन लागतं त्याच्या दहापट, काही वेळा त्याहूनही जास्त रसायन घातल्याशिवाय पेशी मरायच्याच नाहीत. नियमन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. जी चाचणी विषाला सौम्य ठरवते ती चाचणी तो का स्वीकारेल? सहसंबंध कितीही देखणा असो, चूक ज्या दिशेला आहे ती दिशा धोक्याची आहे. या काळातल्या पेपरांच्या शेवटी ‘पेशी चाळणीसाठी उपयुक्त, पण माशांची जागा घेऊ शकत नाहीत’ अशा अर्थाचं वाक्य वारंवार भेटतं. हेच वाक्य दोन दशकं या क्षेत्राच्या मानेवर बसलं होतं.

याचा सोपा अर्थ बहुतेकांनी लावला: पेशी म्हणजे काही मासा नव्हे. मासा श्वास घेतो, त्याला मेंदू आहे, यकृत आहे, पेशीला यातलं काय आहे? युक्तिवाद पटण्यासारखा आहे, आणि अंशतः खराही आहे. पण तो इतका सोयीचा होता की दुसरी शक्यता फारशी कुणी तपासली नाही. आपण पेशींना जेवढं रसायन दिलं असं समजतो तेवढं त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल तर?

कुठेतरी पाणी मुरत होतं. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये तेलकट, पाण्यात न विरघळणारं रसायन घातलं की त्याचा बराच भाग प्लास्टिकला चिकटतो. उडून जाणारं असेल तर झाकणाखालून निघून जातं. आणि पेशींना वाढवायला माध्यमात जे सीरम घालतात त्यातली प्रथिनं उरलेल्या रसायनाला घट्ट धरून बसतात. पेपरात मात्र लिहिलं जायचं ते पिपेटनं टाकलेलं प्रमाण. पेशींच्या वाट्याला आलेलं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली असू शकतं. म्हणजे पेशी दगडासारख्या वाटत होत्या, कारण त्यांना विषच कमी मिळत होतं. टाकलेलं आणि मोजलेलं यातला हा फरक आज प्राथमिक वाटतो. पण तो मोजायला विश्लेषण-रसायनशास्त्राची यंत्रं, पैसा आणि पेशीशास्त्राच्या लॅबमध्ये रसायनशास्त्रज्ञ बसवण्याची तयारी लागते. विभागांच्या भिंती आपल्याकडेच असतात असं नाही.

या कोड्याचे तुकडे ज्या लॅबमध्ये जमत गेले ती कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातली नील्स बोल्स यांची लॅब. १९९४ साली या गटानं रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांपासून बनवलेली आरटीगिल-डब्ल्यू१ ही सेल लाइन जाहीर केली. माशांच्या पेशींचा एक चांगला गुण म्हणजे त्या पुष्कळदा आपणहून अमर होतात, म्हणजे कुठलंही कर्करोगकारक जनुक न घालता विभागत राहतात. ही लाइनही तशीच.

कल्ले निवडण्यामागचं कारण शाळेच्या पुस्तकातलं आहे. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, क्षारांचा तोल कल्ल्यांनी राखतो, आणि पाण्यातलं विष त्याला पहिल्यांदा भिडतं तेही कल्ल्यांपाशी. औद्योगिक रसायनांपैकी पुष्कळशी कुठल्या एका खास प्रथिनावर नेम धरत नाहीत. ती पेशीच्या पडद्यात शिरून त्याचा कारभार बिघडवतात. पडदा प्रत्येक पेशीला असतो. तेव्हा कल्ल्याची पेशी मरते त्या प्रमाणात मासाही मरायला टेकलेला असावा, ही अपेक्षा वेडगळ नाही.

क्रिस्टिन शिर्मर या जर्मन संशोधिका १९९० च्या दशकात बोल्स यांच्याकडे काम करत होत्या. त्यांचा त्या वेळचा प्रश्न वेगळाच होता: फ्लुरँथीनसारखे कोळशाच्या डांबरातले पदार्थ अतिनील प्रकाशात जास्त विषारी होतात का? प्रयोगात अडचण अशी यायची की नेहमीच्या माध्यमातली जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं प्रकाशात स्वतःच बिघडून पेशींना त्रास द्यायची. म्हणून त्यांनी लिबोविट्झचं एल-१५ हे माध्यम सोलून काढलं. सीरम नाही, जीवनसत्त्वं नाहीत, अमिनो आम्लं नाहीत. उरले क्षार, गॅलॅक्टोज साखर आणि पायरुव्हेट. या हाडाडलेल्या माध्यमाचं नाव एल-१५/ईएक्स. पेशी त्यात वाढत नाहीत, पण चाचणीपुरत्या तग धरतात. आणि रसायनाला धरून ठेवायला त्यात प्रथिनं नसतात. प्रकाशाच्या प्रश्नासाठी केलेली ही काटछाट पुढे विषाच्या मात्रेच्या प्रश्नावर उपयोगी पडली. मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सगळ्यात आवडतो, कारण कुठल्याही प्रपोजलच्या ‘अपेक्षित निष्पत्ती’ या रकान्यात तो मावला नसता.

त्याच काळात एकाच खड्ड्यातल्या त्याच पेशींवर तीन रंग वापरायची पद्धतही बसली. अलामार ब्लू पेशीचा चयापचय चालू आहे का ते दाखवतो, सीएफडीए-एएम बाहेरचा पडदा शाबूत आहे का ते, आणि न्यूट्रल रेड लायसोसोमची तब्येत. तिन्ही वाचता येतात प्रकाश मोजणाऱ्या साध्या प्लेट रीडरवर. एक रंग फसवू शकतो. रसायन स्वतःच चमकणारं असेल तर आकडा खोटा येतो. तीन रंग एकदम एकाच दिशेनं फसवतील ही शक्यता कमी.

शिर्मर पुढे लाइपझिगला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फच्या ईएवाग या जलसंशोधन संस्थेत गेल्या. तिथे काट्रिन टानेबर्गर यांच्या कामातून २०१३ साली तो पेपर आला ज्यानं चित्र पालटलं. पस्तीस सेंद्रिय रसायनं मुद्दाम वेगवेगळ्या स्वभावाची निवडली: काही उडून जाणारी, काही तेलकट, काही जहाल, काही मवाळ. पेशी आरटीगिल-डब्ल्यू१, माध्यम सीरमशिवाय, वेळ २४ तास. आणि मुख्य म्हणजे माध्यमातलं प्रमाण रासायनिक विश्लेषणानं प्रत्यक्ष मोजलेलं. जवळजवळ तीन-चतुर्थांश रसायनांच्या बाबतीत पेशींचा आकडा आणि माशांचा आकडा यांत पाचपटींहून कमी फरक राहिला. पाचपट ऐकायला मोठी वाटते, पण एकाच रसायनाचे दोन लॅबमधले माशांवरचे आकडेही काही एकमेकांना तंतोतंत जुळत नाहीत. दशकानुदशकं ज्याला पेशींचा जन्मजात दोष समजलं गेलं तो बऱ्याच अंशी मोजमापाचा दोष निघाला.

तुलनेसाठी माशांचे आकडे कुठून आले? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या डुलूथ इथल्या प्रयोगशाळेनं फॅटहेड मिनो या छोट्या माशावर सहाशेहून जास्त रसायनं तपासून त्यांचा एक काटेकोर संग्रह करून ठेवला होता. तोच वापरला. म्हणजे पेशींना मान्यता मिळवून द्यायला नवे मासे मारावे लागले नाहीत, आधी मेलेल्या हजारो माशांच्या नोंदी कामी आल्या. या नोंदी नीट ठेवल्या गेल्या नसत्या, प्रमाण मोजलेलं की नुसतं टाकलेलं हे लिहून ठेवलं नसतं, तर २०१३ च्या पेपरला पाय टेकायला जागा नव्हती. पर्यायी पद्धतींच्या भाषणांत जुन्या प्राणीप्रयोगांचा उल्लेख शरमेनं होतो. तो ऋणानं व्हावा असं मला वाटतं.

अपवादही त्याच पेपरात उघड मांडलेले आहेत, आणि अपवादच जास्त शिकवतात. अ‍ॅलाइल अल्कोहोल माशांना फार विषारी आहे, कल्ल्यांच्या पेशींना मात्र त्या मानानं जवळजवळ निरुपद्रवी. कारण मूळ रसायन गुन्हेगार नाहीच. माशाच्या शरीरातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याचं अ‍ॅक्रोलीनमध्ये रूपांतर करतं आणि अ‍ॅक्रोलीन घात करतं. कल्ल्याच्या पेशीला ते रूपांतर पुरेसं जमत नाही. दुसरा गट म्हणजे मज्जासंस्थेवर घाव घालणारी कीटकनाशकं. कल्ल्याच्या पेशीला मज्जातंतूच नाही, मग तिला त्याचं काय? इथे ‘पेशी म्हणजे मासा नव्हे’ हा जुना आक्षेप पूर्ण खरा आहे. फरक एवढाच की आता तो कुठे खरा आहे हे बोट ठेवून सांगता येतं.

यानंतरची वर्षं कंटाळवाण्या कामात गेली, आणि मान्यता मिळते ती याच कामामुळे. सहा रसायनं सहा लॅबना पाठवली. सगळ्यांनी एकच लिखित पद्धत पाळायची आणि आकडे परत पाठवायचे. २०१९ साली त्याचे निकाल छापले गेले. एकाच लॅबमध्ये पुन्हा पुन्हा केल्यावर येणारा फरक साधारण १५ टक्के, लॅब-लॅबमधला साधारण ३१ टक्के. अशा चाचण्यांच्या मानानं हे चांगलंच. त्याच वर्षी आयएसओ २१११५ हे मानक आलं आणि दोन वर्षांनी ओईसीडीची मार्गदर्शिका २४९. तिच्यातही सगळीकडे २०३ ऐवजी हीच वापरा असं सरसकट म्हटलेलं नाही. माशांची चाचणी करण्याआधी अंदाज घ्यायला, माशांची संख्या कमी करायला, इतर पुराव्यांबरोबर वापरायला, आणि परिस्थिती पाहून माशांऐवजी, अशी तिची जपून वापरलेली भाषा आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही भाषा एवढीच जपून ठेवा. व्हायव्हाला बसलेला परीक्षक पहिला प्रश्न अ‍ॅलाइल अल्कोहोलवर विचारू शकतो.

मध्येच एक खटकणारी गोष्ट. चाचणी सीरमशिवाय होते, पण चाचणीआधी पेशी वाढवायला गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम अजून सर्रास वापरलं जातं. माशाला वाचवताना वासराचं काय, हा प्रश्न विचारला की लॅबमध्ये थोडी शांतता पसरते. सीरमशिवाय पेशी वाढवायचे प्रयत्न चालू आहेत, पण आजचा ‘प्राणीमुक्त’ हा शब्द पूर्ण खरा नाही.

झेब्राफिशच्या गर्भावरची चाचणीही याच शर्यतीत आहे. युरोपियन कायद्यात स्वतः खाऊ न लागलेला गर्भ संरक्षित प्राणी धरला जात नाही, त्यामुळे तीही पर्याय मानली जाते. जर्मनीनं सांडपाणी तपासायला २००५ पासून जिवंत माशांऐवजी माशांची अंडी वापरायला सुरुवात केली आणि ओईसीडीची गर्भावरची मार्गदर्शिका २०१३ ला आली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता आपल्याकडे येऊ, कारण आपला कायदा या इतिहासाला थेट भिडतो. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाणी सोडण्याची सर्वसाधारण मानकं आहेत. त्यात पीएच, बीओडी, जड धातू यांच्या रांगेत एक ओळ अशी: बायोअ‍ॅसे, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखान्यांना दिलेल्या अनेक संमतीपत्रांतही हीच ओळ सापडते. नमुना पातळ करायचा नाही, मासे त्यातच सोडायचे आणि चार दिवस मोजायचे. ओळ साधी आहे, आणि मला तिच्याबद्दल आदरही आहे. रासायनिक चाचणी ज्या विषाचं नाव तुम्हाला माहीत आहे तेच शोधते. मासा नाव न विचारता मरतो. मिश्र सांडपाण्यात कोण कोणाशी मिळून काय करतंय हे त्यामुळेच कळतं. तेव्हा ही ओळ नुसती काढून टाकणं हा उपाय नाही, तिच्या जागी तितकंच नाव न विचारणारं काहीतरी हवं.

ते भारतात उगवलंच नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या गटानं मृगल माशाच्या कल्ल्यांपासून एमजी-३ ही सेल लाइन १९९५ साली जाहीर केली, आणि १९९७ साली रोहूच्या कल्ल्यांची. वॉटर्लूची कल्ल्यांची लाइन १९९४ ची होती हे आठवा. एका वर्षाचं अंतर, तोच अवयव. पुण्याला सेल लाइनची परंपराही जुनी. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली तिथे डासांच्या अळ्यांपासून बनवलेल्या पेशींचाच एक वंश, सी६/३६, आजही जगभर डेंग्यूचे विषाणू वाढवायला वापरतात. पण पुण्याचा प्रश्न विषाणूंचा होता, वुल्फसारखाच. मृगलच्या पेशींभोवती शिर्मर-टानेबर्गर यांच्यासारखी मोजमापाची वीस वर्षं उभी राहिली नाहीत. पेशी होत्या, चाचणी झाली नाही.

चाचणीच्या दिशेनं ठोस पाऊल पडलं ते तमिळनाडूत, मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम महाविद्यालयात. आसपासचा सगळा पट्टा चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचा, म्हणजे प्रश्न दाराशीच. साहुल हमीद यांच्या गटानं करिमीन या माशाच्या तीन सेल लाइन घेतल्या, डोळा, मूत्रपिंड आणि कल्ले यांच्या. हा मासा गोव्यात कालुंदर म्हणून ओळखला जातो. टॅनरीचं सांडपाणी एकीकडे या पेशींवर आणि दुसरीकडे जिवंत माशांवर तपासलं. २०१२ साली छापलेल्या या कामात दोन्हीकडचे आकडे चांगले जुळले. विद्यापीठही नाही, एक महाविद्यालय. मोठं उपकरण नाही म्हणून विषय सोडणाऱ्यांनी हा पेपर काढून वाचावा. पेशी मिळवण्याचीही आता तितकी पंचाईत नाही. लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत माशांच्या सेल लाइनचं राष्ट्रीय भांडार आहे.

करण्यासारखं काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. ट्राउटच्या पेशी १९ अंशांवर ठेवतात. एल-१५ हवेवरच चालतं, कार्बन डायऑक्साइडचा इनक्यूबेटर लागत नाही, पण मे महिन्यात १९ अंश टिकवायला थंड करणारा इनक्यूबेटर आणि न जाणारी वीज लागते. आणि आपल्या नद्यांचं पाणी तीस अंशांच्या आसपास असताना थंड पाण्यातल्या माशाच्या पेशी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. रोहू-मृगलच्या पेशी उबदार तापमानाला वाढतात. मग सांडपाण्याच्या स्वतःच्या अडचणी. त्यात क्षार कमी असतील तर पेशी विषानं नाही, पाणी आत शिरून फुटून मरतात. म्हणून नमुन्यात माध्यमाचे क्षार मोजून मिसळावे लागतात. जंतू काढायला नमुना गाळला तर गाळाला चिकटलेलं विषही त्याबरोबर जातं, आणि न गाळला तर जंतू पेशी खातात. यातल्या एकेका वाक्यावर एकेक वर्ष जाऊ शकतं.

सगळ्यात अवघड गाठ भाषेची आहे. पेशींची चाचणी देते ईसी५०, म्हणजे निम्म्या प्रमाणात परिणाम होईल तो बिंदू. आपला नियम मागतो उत्तीर्ण की नापास, तेही दहातले नऊ मासे जगले का या कसोटीवर. पेशींचा कुठला आकडा म्हणजे ‘नापास’ हे ठरवायला त्याच सांडपाण्याचे माशांवरचे निकाल शेजारी ठेवून बघावे लागतील. डुलूथसारखे. संमतीपत्राच्या अटीप्रमाणे होणाऱ्या बायोअ‍ॅसेचे अहवाल तयार होतच असतात: नमुना, तारीख, मासे सोडले किती, ९६ तासांनी उरले किती. त्या त्या नमुन्याचे पीएच, क्षार आणि धातूंचे आकडेही शेजारच्या पानावर असतात. हे अहवाल एका तक्त्यात आणायचे, आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यातला अर्धा लिटर रोहूच्या पेशींसाठी बाजूला काढायचा. सुरुवातीचं एक वर्ष तक्त्यातच जाईल. पेशी वितळवायची घाई करू नका.